सहा पॉइंट शून्य पाचचे पासष्ट

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-वाशीच्या पट्ट्यात सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो, दुधाचा दहा-दहा दिवसांनी. किराणा, पोरांच्या गाडीभाड्याचे पैसे, दवाखाना, सगळं त्या दहा दिवसांच्या पगारावर चालतं. म्हणून इथल्या दूध संकलन केंद्रावर लिहिला जाणारा प्रत्येक आकडा म्हणजे कुणाच्या तरी घरचं पीठ-मीठ आहे. अशाच एका केंद्रासाठी मी मोबाईल ॲप केलं. त्यात आकडे टाकायचे जे रकाने होते, त्यांनी महिनाभर कसा गोंधळ घातला आणि शेवटी तो कसा सुटला, याचं हे प्रकरण. केंद्राचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. चूक माझ्या कोडमध्ये होती, त्यांच्याकडं नव्हती.

आधी केंद्राचं काम थोडक्यात सांगतो. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ दूध येतं. किटली काट्यावर, नमुना फॅट मशीनमध्ये. मग चार गोष्टी लिहायच्या: सभासद क्रमांक, लिटर, फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो आणि तिथून वर गेलं की वाढतो, खाली आलं की कापला जातो. फॅटच्या ०.१ ला इथं ‘एक पॉइंट’ म्हणतात. रांगेत पंधरा-वीस माणसं उभी असतात, दूध तापायच्या आत टेम्पो निघायचा असतो, आणि लिहिणाऱ्याची नजर स्क्रीनवर कमी, मशीनवर जास्त असते. हे शेवटचं वाक्य मी ॲप लिहिताना ध्यानात घेतलं नव्हतं.

ॲप अँड्रॉइडवर, कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत. रकाने टू-वे डेटा बाइंडिंगनं जोडलेले. ज्यांनी हे केलं नसेल त्यांच्यासाठी: साध्या बाइंडिंगमध्ये ‘@’ लिहून व्ह्यूमॉडेलमधली, म्हणजे पडद्यामागं आकडे सांभाळणाऱ्या कोडमधली किंमत पडद्यावर दाखवता येते. ‘@’ नंतर बरोबरचं चिन्ह टाकलं की रस्ता दुतर्फा होतो. माणसानं रकान्यात लिहिलं की मॉडेल बदलतं आणि मॉडेल बदललं की रकाना बदलतो. नावाच्या रकान्याला हे बेस्ट चालतं, कारण दोन्ही टोकांना मजकूरच असतो. आकड्याच्या रकान्याला एका टोकाला मजकूर आणि दुसऱ्या टोकाला संख्या असते. ‘४’, ‘४.’, ‘४.०’ आणि ‘४.००’ हे चार वेगळे मजकूर आहेत, पण संख्या एकच. मजकुराची संख्या केली की काहीतरी गळतं, आणि त्या संख्येचा पुन्हा मजकूर केला की गळलेलं परत येत नाही. पुढचा सगळा गोंधळ या गळतीतून झाला.

पहिला झटका घरीच बसला. फॅटचं मॉडेल मी डबल या दशांश संख्येच्या प्रकारचं ठेवलं होतं आणि मध्ये मजकुराची संख्या आणि संख्येचा मजकूर करणारा एक कन्व्हर्टर. मी ४.२ टाकायला गेलो तर रकान्यात २४.० उमटलं. सावकाश एकेक कळ दाबून पाहिलं. ‘४’ दाबला, मॉडेलमध्ये ४.० गेलं, मॉडेलनं परत ‘४.०’ असा मजकूर पाठवला. रकान्यातला ‘४’ आणि आलेला ‘४.०’ वेगळे, म्हणून बाइंडिंगनं सेटटेक्स्ट करून मजकूर बदलला. सेटटेक्स्ट झालं की कर्सर सगळ्यात पुढं, शून्याव्या जागेवर जातो. मग मी टिंब दाबलं. रकान्यात आधीच एक टिंब होतं, म्हणून दशांशाच्या रकान्यानं ते नाकारलं. मग ‘२’ दाबला, तो कर्सर होता तिथं, म्हणजे चारच्या आधी बसला. २४.०. सगळं आपापल्या नियमानं चाललं होतं आणि उत्तर मात्र साफ चूक.

मी मलमपट्टी केली. शेवटचं ‘.०’ असेल तर कन्व्हर्टरमध्ये छाटायचं आणि मजकूर बदलला की कर्सर शेवटी न्यायचा. आता ४.२ चे ४२ होऊ लागले. ‘४.’ ची संख्या ४.० होते, जावा आणि कोटलिन दोघांनाही ‘४.’ चालतं. मॉडेलमधली किंमत पडद्याला कळवणारा लाइव्हडेटा किंमत तीच असली तरी पुन्हा हाक मारतो, कन्व्हर्टर छाटून ‘४’ देतो, आणि टिंब गायब. त्याच्याऐवजी त्याच कामाचा स्टेटफ्लो वापरला असता तर त्यानं सारखीच किंमत पुन्हा पाठवली नसती आणि हा दोष झाकला गेला असता. झाकला गेला असता एवढंच, गेला नसता. मी दुसरी पट्टी लावली: मजकूर टिंबानं संपत असेल तर त्याला हात लावायचा नाही.

ही पट्टी माझी एकट्याची नाही. झॅमारिन फॉर्म्स या मोबाईल ॲप करायच्या फ्रेमवर्कमध्ये तर टिंबानं संपणाऱ्या मजकुराचा असा अपवाद थेट फ्रेमवर्कच्या कोडमध्येच घातलेला होता. विंडोजचे पडदे करायच्या डब्ल्यूपीएफमध्ये २०१२ च्या डॉटनेट ४.५ पासून, प्रत्येक कळीला मॉडेल बदलणारं बाइंडिंग ठेवलं की दशांश टिंब लिहिताच येईना, आणि जुनं वागणं परत आणायला वेगळं बटण द्यावं लागलं. म्हणजे जिथं जिथं मजकुराला थेट संख्येशी बांधलं, तिथं हे दुखणं निघालंच.

४.२ लिहिता यायला लागलं, ६.५ लिहिता आलं, १२.७५ सुद्धा. तासभर तपासलं आणि ॲप केंद्रावर दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी पावणेसातला, केंद्रावर सकाळच्या नोंदी करणाऱ्या काकांचा फोन. ‘दादा, तुमचं ॲप पॉइंट खायलंय.’

इथं माझा अर्धा दिवस गेला. दूधवाल्यांच्या बोलीत ‘पॉइंट खाणं’ म्हणजे फॅट कमी लावणं, ४.२ लागलेली फॅट ४.१ लिहिणं. सभासदाच्या तोंडून हा शब्द आला की तो आरोप असतो आणि तो लई जड असतो. मला वाटलं दरपत्रकाच्या हिशेबात कुठंतरी एक पॉइंट कापला जातोय. दरपत्रकाचं सगळं कोड उलथंपालथं केलं. काही सापडेना. दुपारी काकांनी पुतण्याकडून व्हिडिओ पाठवला. काट्यावर ६.०५ लिटर, काकांचं जाडजूड बोट कळांवर, सहा, टिंब, शून्य, पाच. रकान्यात ६५. मागून काकांचा आवाज: ‘सहा पॉइंट शून्य पाच हाणलं की पासष्ट व्हायलंय, हे बगा.’

पॉइंट खाणं म्हणजे खरोखरच टिंब खाणं होतं. ‘६.’ ला मी अपवाद दिला होता, पण पुढची कळ शून्याची. ‘६.०’ टिंबानं संपत नाही, त्याची संख्या ६.०, कन्व्हर्टरनं छाटून ‘६’ केलं, कर्सर शेवटी, आणि मग आलेला पाच सहाच्या मागं जाऊन बसला. टिंबानंतर लगेच शून्य असलेला प्रत्येक आकडा असाच फुटत होता. ६.०५, १०.०२, ३.०८, सगळे. मी तपासताना टाकलेल्या एकाही आकड्यात टिंबानंतर शून्य नव्हतं.

एका म्हशीचं ६५ लिटर दूध कुणाच्याही डोळ्यात येतं, शिवाय कॅन मोजले की बेरीज जुळत नाही. म्हणून हे लवकर पकडलं गेलं. काकांनी तोवर वहीत लिहायला सुरुवात केली होती आणि त्यांनी तेच केलं पाहिजे होतं.

मी घाईत तिसरी पट्टी लावली, आणि तिथून खरं नुकसान सुरू झालं. टिंबानंतर शून्य असेल तरी मजकूर तसाच ठेवायचा, असं केलं. त्याच बैठकीत आणखी एक तक्रार मिटवली. चुकलेला आकडा पूर्ण पुसला की रकाना रिकामा व्हायचा, रिकाम्या मजकुराची संख्या होत नाही म्हणून मी तिथं शून्य धरलं होतं, आणि लगेच रकान्यात ‘०’ येऊन बसायचं. काकांना ते खटकायचं. मी कन्व्हर्टरला सांगितलं, शून्य असेल तर काहीच दाखवू नको. रकाना कोरा दिसायला लागला, काका खूश.

रिकामं आणि शून्य या दोन गोष्टी मी एक करून टाकल्या होत्या. फॅट मोजलीच नाही आणि फॅट शून्य लागली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आता पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत होते.

संध्याकाळचा हिशेब

पुढच्या दहा दिवसांचा पगार निघाला तेव्हा एका ताईंचे पैसे कमी आले. त्या सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, पावत्या पदराला बांधून ठेवतात. एका संध्याकाळच्या दुधाची रक्कम शून्य होती. लिटर बरोबर, फॅट ०. दरपत्रकात शून्य फॅटला दरच नाही, म्हणून रक्कमही शून्य. शोधलं तर अशा नऊ नोंदी निघाल्या, सहा घरांच्या. सगळ्या संध्याकाळच्या. सकाळची एकही नाही.

सकाळी काका असतात, संध्याकाळी त्यांच्या सूनबाई, माझ्या वहिनीसारख्या. ॲप तेच, सभासद तेच, मशीनही तेच. दोन दिवस मी फक्त वेळेच्या मागं लागलो. तारीख बदलताना काही होतंय का, लाईट गेल्यावर नेटशिवाय साठवताना काही सांडतंय का. शेवटी मोटारसायकल काढली आणि संध्याकाळी केंद्रावर जाऊन वहिनींच्या शेजारी उभा राहिलो.

त्या सरसर नोंदी करत होत्या, सगळं बरोबर. मग एका आजोबांचं लिटर चुकलं म्हणून त्यांनी ती नोंद दुरुस्तीसाठी उघडली. क्षणभर आकडे चमकले आणि लिटर, फॅट, एसएनएफ तिन्ही रकाने कोरे झाले. सभासद क्रमांक मात्र जागेवर होता. वहिनींनी लिटर लिहिलं आणि ‘जतन करा’ दाबलं. मी विचारलं, फॅट का नाही लिहिली? म्हणाल्या, ‘दुरुस्तीला सगळं कोरंच येतंय की. जे बदलायचंय तेवढंच लिहायचं, बाकीचं राहतंय, असंच वाटलं मला.’

त्यांचं वाटणं अगदी बरोबर होतं. कुणालाही तसंच वाटेल.

मी त्यांचा फोन हातात घेतला. फोनची भाषा मराठी होती. काकांचा फोन इंग्रजीत आहे, माझाही.

दुरुस्तीच्या पडद्यावर जुनी नोंद नेटकी दिसावी म्हणून मी ती स्ट्रिंग-फॉरमॅटनं, म्हणजे संख्येचा मजकूर करणाऱ्या फंक्शननं, दोन दशांश स्थळांपर्यंत मांडून रकान्यात टाकत होतो. स्ट्रिंग-फॉरमॅटला भाषा सांगितली नाही तर तो फोनची भाषा घेतो. मराठीसाठी आपोआप वापरायचे अंक देवनागरी असं युनिकोडच्या भाषाविषयक माहितीसंचात नोंदलेलं आहे. हिंदीसाठी तिथं आपोआप वापरायचे अंक इंग्रजी धरलेत, म्हणून हिंदीत फोन ठेवणाऱ्याला हा त्रास होत नाही आणि मराठीत ठेवणाऱ्याला होतो. तर वहिनींच्या फोनवर रकान्यात देवनागरी ‘४.२०’ गेलं. रकान्याचा मजकूर बदलला की दुतर्फा बाइंडिंग लगेच तो मॉडेलकडं पाठवतं, माणसानं बदलला की कोडनं, हे ते बघत नाही. मॉडेलच्या वाटेवर मजकुराचा डबल करणारं फंक्शन उभं होतं. त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. इंग्रजी शून्याचा युनिकोड क्रमांक ४८, देवनागरी शून्याचा २४०६, त्याच्या दृष्टीनं हा आकडाच नाही. त्यानं ‘जमलं नाही’ म्हणून रिकामा हात दाखवला, आणि मी लिहून ठेवलं होतं की जमलं नाही तर शून्य धर. मॉडेलमध्ये शून्य गेलं. शून्य असेल तर कोरं दाखव, हेही मीच लिहिलं होतं. रकाना कोरा झाला.

सभासद क्रमांक का टिकला, याचंही उत्तर इथंच आहे आणि त्यानंच मला सर्वांत जास्त चकवलं होतं. पूर्णांक वाचणारं फंक्शन प्रत्येक अक्षराला ‘तू कुठला अंक?’ असं विचारत जातं आणि त्याला देवनागरी अंक कळतात. दशांश वाचणाऱ्याला कळत नाहीत. एकाच प्रोग्रामिंग भाषेच्या एकाच लायब्ररीत दोन शेजारी फंक्शनं, एकाला ‘१२’ वाचता येतं, दुसऱ्याला ‘४.२’ येत नाही. मी आधी तपासताना सभासद क्रमांक मराठीत टाकून पाहिला असता तरी ‘मराठी अंक चालतात’ असाच निष्कर्ष काढला असता.

म्हणजे त्या नोंदींचे आकडे वहिनींनी बदलले नव्हते. नोंद नुसती उघडली, बघितली, यानंच आकडे पुसले जात होते. टू-वे बाइंडिंगमधली मला सर्वांत धोक्याची वाटते ती हीच गोष्ट. वाचायच्या वाटेनं लिहिणं होतं, आणि कुणी लिहिलं याचा माग राहत नाही.

मी वहिनींना सांगितलं की फोनची भाषा मराठी असल्यामुळं असं झालं. त्यांनी लगेच विचारलं, ‘मग मी इंग्रजी करू का फोन?’ नको म्हणालो. आठ दिवसांत नीट करून देतो म्हणालो, तोवर संध्याकाळी दुरुस्ती फक्त वहीत. भूमहून परत येताना मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा येत होता की मराठी माणसानं मराठी गावासाठी केलेल्या ॲपला मराठी आकडे कळत नव्हते.

चौथी पट्टी लावली नाही

सगळे कन्व्हर्टर काढून टाकले. आता व्ह्यूमॉडेलमध्ये प्रत्येक आकड्याच्या रकान्यासाठी मजकूरच ठेवला. टू-वे बाइंडिंग आहे, पण मजकूर ते मजकूर. माणूस लिहीत असतो तोवर रकान्यातलं लिखाण त्याचं असतं, ‘६.’ असेल, ‘६.०’ असेल, कोरं असेल, त्याला कोड हात लावत नाही. संख्या त्या मजकुरातून काढली जाते आणि ती एकाच दिशेनं पुढं जाते: रक्कम दाखवायला, साठवायला. संख्येकडून रकान्याकडं परतीची वाट बंद केली. रकान्यावरून बोट दुसरीकडं गेलं की एकदाच मजकूर नीटनेटका करायचा, ६.५ चं ६.५० वगैरे, तेही संख्या नीट निघाली असेल तरच.

संख्या काढताना तीन उत्तरं शक्य ठेवली. आकडा आहे, रकाना कोरा आहे, किंवा लिहिलेलं कळलं नाही. कोरं असेल तर ‘फॅट राहिली’ असं सांगून जतन थांबतं. कळलं नाही तर रकाना लाल होतो आणि लिहिलेलं तसंच राहतं, म्हणजे माणसाला आपलं काय चुकलं ते दिसतं. शून्य हे फक्त कुणीतरी शून्य लिहिलं तरच. वेबसाठी व्ह्यू (Vue) फ्रेमवर्क वापरणारे त्याचं नंबर मॉडिफायर बघा, त्याला संख्या जमली नाही तर तो मूळ मजकूर परत देतो. अँग्युलर हे दुसरं वेब फ्रेमवर्क संख्येच्या कोऱ्या रकान्याला नल, म्हणजे ‘काहीच नाही’ देतं. वाटा वेगळ्या आहेत, पण दोघांनीही शून्यात ढकलून दिलेलं नाही.

देवनागरी अंकांसाठी, वाचण्याआधी मजकुरातला प्रत्येक अंक त्याच्या किमतीवरून इंग्रजी अंकात बदलून घेतो. साठवणीत आणि सर्व्हरला जाताना भाषा नेहमी ठरलेली, फोनची नाही. पडद्यावर आणि पावतीवर मात्र ज्याची जी भाषा ती. संख्या डबलमध्ये ठेवणंही सोडलं. डबलमध्ये ४.३५ ला १०० नं गुणलं की ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं आणि पुढचे दशांश सोडून दिले की एक पैसा जातो. दुधाच्या हिशेबात असा पैसा रोज, दोन वेळा, प्रत्येक किटलीमागं जाऊ शकतो. म्हणून दशांश तंतोतंत ठेवणारा बिगडेसिमल, आणि रक्कम पैशांत, पूर्णांकात.

फॅट मशीन ब्लूटूथनं जोडल्यावर आणखी एक लिहिणारा हात वाढला. वहिनी लिहीत असताना मशीनचा आकडा येऊन त्यांच्या बोटाखालचा मजकूर बदलायचा. आता ज्या रकान्यात कर्सर आहे तिथं मशीनला लिहिता येत नाही. तिचा आकडा शेजारी बारीक दिसतो आणि ‘घ्या’ दाबलं तरच रकान्यात येतो.

तपासणीही बदलली. आधी मी रकान्यात पूर्ण ‘६.०५’ एकदम टाकून उत्तर बघायचो आणि ते नेहमी बरोबर यायचं, कारण सगळा दोष दोन कळांच्या मधल्या क्षणात होता. आता चाचणी एकेक कळ दाबते आणि प्रत्येक कळीनंतर रकान्यात काय आहे आणि कर्सर कुठं आहे ते बघते. ६.०५, १०.००, ०.५, टिंबानं सुरू होणारा .५, पूर्ण पुसून पुन्हा लिहिणं, मधला अंक बदलणं. हे सगळं दोनदा, एकदा इंग्रजीत ठेवलेल्या फोनवर आणि एकदा मराठीत. शिवाय एक साधी चाचणी: नोंद उघडायची, काही न करता बंद करायची, आणि साठवलेला आकडा तोच आहे ना ते बघायचं.

त्या नऊ नोंदींची फॅट वहिनींनी वहीवरून वाचून दाखवली, मी समोर बसून भरली. सहा घरांचा फरक पुढच्या पगारात वेगळ्या ओळीत दिला, कशाचे पैसे ते लिहून. पहिल्या ताईंनी पदराची गाठ सोडून जुनी पावती काढली, नव्या कागदाशेजारी ठेवली, बोटानं एकेक आकडा लावून पाहिला आणि दोन्ही पावत्या पुन्हा एकत्र बांधल्या.

काका अजूनही सकाळी वहीत लिहितात. दहा दिवस दोन्हीकडं लिहू, जुळलं तर वही बंद, असं ठरलं होतं. जुळलं. वही बंद केलेली नाही, आणि मीही तसा आग्रह धरलेला नाही.